गादीतली धूळ आणि ती ओढणारे यंत्र



गेल्या भाद्रपदात तोरणमाळच्या एका शिक्षकमित्राचे मला पत्र आले. पत्र म्हणजे आताच्या रिवाजाप्रमाणे मोबाइलवरचा लांबलचक निरोप. पण लिहिणारे जुन्या वळणाचे गुरुजी असल्यामुळे त्याला मायना होता, क्षेमकुशल होते आणि शेवटी ता. क. सुद्धा होता. ते ज्या वसतिगृहावर देखरेख करतात तिथे ऐंशी मुले निजतात. त्यांतल्या पाचसात मुलांना पावसाळा लागला की पहाटे शिंकांची माळ लागते, नाक गळते, डोळे चोळून लाल होतात. एक सातवीतला मुलगा मात्र रात्री दोनच्या सुमारास दम लागून उठून बसतो आणि उजाडेपर्यंत भिंतीला टेकून असतो. शहाद्याच्या डॉक्टरांनी तपासून दमा असल्याचे सांगितले. धुळीची ॲलर्जी आहे, अंथरूण स्वच्छ ठेवा, असे बजावले. माजी विद्यार्थ्यांनी मिळून काही पैसे जमवले आहेत. हल्ली गादीतली धूळ ओढून घेणारी छोटी यंत्रे निघाली आहेत, त्यांच्या जाहिराती पाहून गुरुजींनी विचारले होते: "सर, तुम्ही शहरात राहता. यांतले कोणते घ्यावे ते सांगा. मुलाचा बाप म्हणतो, दिवाळीनंतर पोराला परत पाठवणार नाही."

ता. क. मध्ये लिहिले होते, "मुलगा गणितात हुशार आहे."

आता मी भूगोल शिकवणारा माणूस. यंत्रातले मला काय कळणार, असे आपण म्हणाल, आणि ते बरोबरच आहे. परंतु या प्रश्नाचे उत्तर निम्मे यंत्रात आहे आणि निम्मे हवेत. हवेतली आर्द्रता हा आमच्या विषयातला धडा आहे. शिवाय या यंत्राच्या बाबतीत मी स्वतः एकदा ठेच खाल्लेली आहे. ती हकीगत पुढे येईलच.

आधी गादीत असते काय ते पाहू. खानदेशातल्या कापसाच्या, वांग्याच्या, भेंडीच्या शेतकऱ्याला लाल कोळी सांगायला नको. पानाच्या मागच्या बाजूला बारीक ठिपक्यासारखे जीव, डोळ्यांना जेमतेम दिसणारे, पान पिवळे पाडणारे. त्याच कोळ्याचा एक लांबचा भाऊबंद आपल्या अंथरुणात राहतो. त्याला धुळीतला कोळी म्हणू. हा कीटक नव्हे. याला आठ पाय, म्हणजे कुळ गोचिडीचे आणि कोळ्याचे. लांबी मिलीमीटरचा चौथा हिस्सा किंवा त्याच्या आसपास. अंग पांढुरके, जवळजवळ पारदर्शक, त्यामुळे नुसत्या डोळ्यांनी तो दिसत नाही. हा चावत नाही, रक्त पीत नाही, ढेकणासारखा झोप मोडत नाही. याचे अन्न म्हणजे आपल्या अंगावरून झडणारा कोंडा. माणसाच्या कातडीची पापुद्र्याइतकी बारीक भुकटी रोज झडत असते, तीही दिवसाला अर्ध्या ते दीड ग्रॅमपर्यंत. तिचा मोठा भाग अंथरुणात पडतो. तेव्हा या पाहुण्याला जेवण आपणच वाढतो म्हणायचे.

मग हा निरुपद्रवी जीव मुलाला रात्री उठवून बसवतो कसा? याचा शोध लागायला बराच काळ गेला. घरातल्या धुळीने दमा होतो हे डॉक्टरांना फार पूर्वीपासून ठाऊक होते, पण धुळीतला नेमका कोणता पदार्थ हे कळत नव्हते. हॉलंडमधल्या लायडन येथील डॉ. फोरहोर्स्ट यांच्या एक गोष्ट ध्यानात आली. ओलसर घरांतली धूळ कोरड्या घरांतल्या धुळीपेक्षा रोग्यांना अधिक बाधते. मग त्यांनी आणि स्पीक्स्मा या जीवशास्त्रज्ञांनी १९६४ साली दाखवून दिले की गुन्हेगार हा धुळीतला कोळी आहे. पुढे १९८१ साली टोव्ही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक पाऊल टाकले. बाधा मुख्यतः होते ती कोळ्याच्या विष्ठेमुळे. एक कोळी दिवसाला वीसेक गोळ्या टाकतो. गोळी म्हणजे मिलीमीटरचा पन्नासावा हिस्सा. या गोळ्यांत अन्न पचवणारे प्रथिन असते. ते नाकात, श्वासनळीत गेले की ज्याची प्रकृती तशी आहे त्याचे शरीर त्याला शत्रू समजून झगडू लागते. शिंका, सूज, चिकट कफ, श्वासनळी आवळणे हा सारा त्या झगड्याचा परिणाम.

यातली एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी, कारण पुढचा सगळा हिशेब तिच्यावर आहे. कोळी मेला तरी त्याने टाकलेल्या गोळ्या तिथेच राहतात आणि महिनोन्महिने बाधतात. म्हणजे कामे दोन आहेत. कोळी वाढू न देणे हे एक, आणि साचलेली घाण काढणे हे दुसरे. यंत्र केले तर दुसरे काम करते. पहिले त्याच्या हातचे नाही.

पहिल्या कामाची किल्ली पाण्यात आहे. हा प्राणी पाणी पीत नाही. पायांच्या बुडाशी असलेल्या ग्रंथींतून तो हवेतली वाफच शोषून घेतो. हवेची सापेक्ष आर्द्रता सत्तर-ऐंशी टक्के असली की त्याची चंगळ. पन्नासाच्या खाली आली आणि तशीच राहिली की तो वाळू लागतो, आणि आठदहा दिवसांत प्रौढ कोळी मरतात. रोज चार घटका जरी ओल मिळाली तरी मात्र तो तग धरतो, आणि निजलेल्या माणसाच्या घामाची ओल गादीला रोज रात्री मिळतेच. शिवाय पिलाची एक मधली अवस्था अशी चिवट आहे की कोरड्या दिवसांत ती निपचित पडून राहते आणि पाऊस आला की पुन्हा हालू लागते. आपल्याकडच्या बेडकांसारखेच म्हणा ना.

इथे तोरणमाळचा भूगोल आडवा येतो. युरोपात दम्याचे रोगी स्वित्झर्लंडमध्ये दाव्होस या उंच गावी जाऊन राहत आणि त्यांना बरे वाटे. १९७१ साली स्पीक्स्मांनीच दाखवले की तिथल्या घरांत धुळीतले कोळी फारच थोडे सापडतात. त्यावरून "डोंगरावर गेले की दमा बरा" असा समज पुष्कळ ठिकाणी पसरला. पण दाव्होस समुद्रसपाटीपासून साडेपंधराशे मीटरवर आहे आणि तिथली हवा हिवाळ्यात कमालीची कोरडी. गुण उंचीचा नव्हे, कोरडेपणाचा. आपले तोरणमाळ साडेअकराशे मीटरच्या आसपास. सातपुड्याच्या या पठारावर पावसाळ्यात ढग वर नसतात, ते खोलीत येऊन बसतात. सातपायरीचा घाट चढून गेलेल्यांना हे ठाऊक आहे. यशवंत तलाव दहा हातांवरून दिसत नाही, दोरीवरचा सदरा चार दिवस वाळत नाही, आगपेटीची काडी ओढली तर गुल सुटून येतो. हवा थंड, पण गोठवणारी नव्हे. धुळीतल्या कोळ्याने जागा स्वतः निवडली असती तर आषाढ ते आश्विन त्याने हीच निवडली असती.

मी आश्विनाच्या सुरुवातीला तिथे गेलो. जाताना आर्द्रता मोजायचे छोटे घड्याळ घेतले. आता ते चारपाचशे रुपयांत मिळते, आणि माझे म्हणणे असे की प्रत्येक शाळेत ते असावेच. भूगोलाचा तास घ्यायलाही उपयोगी पडते. बाहेर पाऊस ओसरला होता, तरी मुलांच्या खोलीत सकाळी सातला काटा पंचाऐंशीच्या पुढे होता. लोखंडी दुमजली खाटा, त्यांवर फोमच्या गाद्या, काही जुन्या काथ्याच्या. भिंतीकडच्या बाजूला गाद्यांवर काळे ठिपके, ती बुरशी. गादी उचलली तर खालचा पत्रा घामेजलेला. फोममध्ये कोळी होत नाहीत असे विक्रेते सांगतात, ते खरे नाही. काही महिन्यांत तिथेही त्यांची वस्ती होते.

वसतिगृहातल्या कामाठी मावशी शेजारच्या पाड्यावरच्या. मी गादी उलटीपालटी करून पाहतो आहे हे बघून त्या म्हणाल्या, "गुरुजी, आमची गोधडी धुता येते. ही कशी धुवायची?"

खरा प्रश्न त्यांनी विचारला होता. घरी मूल बाजेवर किंवा जमिनीवर चटई टाकून गोधडीवर निजते. गोधडी वर्षातून दोनदा तरी पाण्यात जाते, दगडावर आपटली जाते, उन्हात वाळते. दसऱ्याच्या आधी घरातली सगळी अंथरुणे-पांघरुणे नदीवर न्यायची जी चाल आपल्याकडे आहे, जिला देशावर दसरा काढणे म्हणतात, तिचा मुहूर्त शास्त्राला धरून आहे. पावसाळाभर वाढलेल्या कोळ्यांची घाण आश्विनात सर्वांत जास्त साचलेली असते, आणि ऊनही त्याच वेळी कडक होते. मी काही गोधडीचे गोडवे गात नाही. थंडीत तोरणमाळच्या फरशीवर नुसत्या गोधडीवर निजणे काय असते ते मला माहीत आहे, आणि मुलांना गादी मिळाली हे चांगलेच झाले. पण न धुता येणारी वस्तू धुता येणाऱ्या वस्तूच्या जागी आली, आणि ती निर्मळ कशी ठेवायची हे गादीबरोबर कोणी सांगितले नाही.

आता यंत्राकडे वळू. धूळ ओढणाऱ्या यंत्राची कल्पना लंडनचे इंजिनिअर ह्यूबर्ट सेसिल बूथ यांची. साल १९०१. त्या वेळी एक यंत्र धुळीवर हवा फुंकून ती उडवत असे. बूथ यांना वाटले, फुंकण्यापेक्षा ओढावी. त्यांनी एका उपाहारगृहातल्या खुर्चीच्या गादीवर रुमाल ठेवला, त्याला तोंड लावून जोराने श्वास ओढला, आणि रुमालाच्या खालच्या बाजूला धुळीचा काळा डाग उमटला. ठसका लागला तो वेगळाच. शिक्षकांनी वर्गात हे सांगावे, करून मात्र दाखवू नये. त्या यंत्रातले तत्त्व आजच्या यंत्रातही तेच आहे. पंख्याने आतली हवा बाहेर फेकायची, म्हणजे तोंडाशी हवा आत ओढली जाते, तिच्याबरोबर धूळ येते, आणि मध्ये ठेवलेला रुमाल, म्हणजे गाळणी, धूळ अडवते.

सारी मेख या रुमालात आहे. मी ठेच खाल्ली ती इथेच. काही वर्षांपूर्वी घरी एक विक्रेता आला. आमच्या गादीवर त्याने यंत्र फिरवले, आतून चिमूटभर पांढरी पूड काढून काळ्या कापडावर ठेवली आणि म्हणाला, "सर, हे सगळे किडे. यांच्यावर तुम्ही झोपता." आमच्या सौभाग्यवतींना शिंकांचा त्रास. आम्ही घाबरलो आणि यंत्र घेतले. दर रविवारी मी ते फिरवी, आणि दर रविवारी संध्याकाळी त्यांच्या शिंका वाढत. चार महिन्यांनी कोडे उलगडले. यंत्राची गाळणी साधी होती. मोठी धूळ तिच्यात अडके, आणि बारीक कण मागच्या झरोक्यातून खोलीभर उडत. गादीत गप्प पडलेली घाण मी हवेत पसरवत होतो, आणि वर पैसे देऊन. त्या पांढऱ्या पुडीचेही सांगतो. तिच्यात कोळी असतील थोडे. पण बहुतेक भाग कातडीचा कोंडा, कापसाचे तंतू आणि माती यांचा असतो. कोणत्याही घरातून ती निघेल, राजवाड्यातूनही निघेल.

म्हणून यंत्र घ्यायचेच असेल तर ते किती जोराने ओढते याच्या आधी, ओढलेले आत ठेवते का, हे विचारावे. हेपा नावाची गाळणी असते. मिलीमीटरच्या हजाराव्या हिश्श्याला मायक्रॉन म्हणतात, अशा ०.३ मायक्रॉनचे कण शंभरांत ९९.९७ इतके अडवील ती खरी हेपा. युरोपच्या मोजणीत एच-१३ अशी खूण असते, तिचे माप ९९.९५. डब्यावर नुसते "हेपासारखी" असे लिहिलेले असेल तर त्याचा अर्थ हेपा नाही, असाच घ्यावा. आणि गाळणी उत्तम, पण तिच्या बाजूच्या फटीतून हवा निसटते, असेही असते. याची एक गावठी परीक्षा आहे. रात्री दिवे मालवून यंत्र चालू करावे आणि हवा बाहेर पडते तिथे बॅटरीचा झोत आडवा धरावा. झोतात धुळीचा धूर दिसला तर ते यंत्र परत करावे. दिसला नाही म्हणजे यंत्र निर्दोष ठरले असे नव्हे, पण उघड लबाडी तरी कळते.

डब्यावर वॅट मोठ्या अक्षरांत छापतात. वॅट म्हणजे यंत्र वीज किती खाते. धूळ किती ओढते ते नव्हे. मोटार मोठी आणि तोंड सैल, असे झाले तर वीज फुकट. ओढण्याचा जोर पास्कलमध्ये सांगतात, पण तो आकडाही गादीला तोंड लावलेले नसताना घेतलेला असू शकतो. त्यापेक्षा दुकानात जुन्या सतरंजीवर चालवून पाहावे. गादीच्या यंत्राला तोंडाशी फिरता ब्रश किंवा थापट्या असतात. त्या हव्यात. नुसत्या ओढण्याने आतले कण वर येत नाहीत, थापटल्याने येतात. परंतु जिवंत कोळी पायांनी धाग्याला असा घट्ट धरून बसतो की तो फारसा निघत नाही. निघतात ते मेलेले, आणि वरच्या थरातल्या गोळ्या.

पुष्कळ यंत्रांत निळा-जांभळा दिवा असतो, अतिनील किरणांचा. त्याने जंतू आणि कोळी मरतात अशी जाहिरात असते. किरण जिथे थेट पडतो तिथेच काम करतो. कोळी असतात आत, धाग्यांच्या सावलीत. आणि यंत्र एका जागेवरून एकदोन क्षणांत पुढे जाते. या दिव्यासाठी एक रुपयाही जास्त देऊ नये, आणि तो मुलांच्या डोळ्यांसमोर तर कधीच धरू नये. गरम वाऱ्याचेही तसेच. कोळी मरायला पंचावन्न-साठ अंश उष्णता बराच वेळ टिकावी लागते. वरवरच्या फुंकरीने ते होत नाही.

तोरणमाळसारख्या ठिकाणी आणखी दोन गोष्टी पाहाव्या लागतात, ज्या शहरातला दुकानदार सांगणार नाही. गाळणी धुता येते म्हणून तो कौतुक करील. पण धुतलेली गाळणी पूर्ण वाळल्याशिवाय बसवायची नसते, आणि श्रावणात ती वाळणार कुठे? ओली बसवली तर तिच्यावरच बुरशी धरते. म्हणून गाळण्या दोन घ्याव्यात, आणि सुटे भाग शहाद्याला मिळतील की नाही हे आधी विचारावे. दुसरी गोष्ट विजेची. बिनतारी यंत्राची बॅटरी वीस ते चाळीस मिनिटे चालते. तारेच्या यंत्राला चारपाचशे वॅट लागले तर वसतिगृहाचा इन्व्हर्टर ते सोसतो का, ते पाहावे लागते.

आता ऐंशी गाद्यांचा हिशेब मांडू. एका गादीला दोन्ही बाजू मिळून दहा मिनिटे धरली तर आठशे मिनिटे, म्हणजे तेरा तासांहून अधिक. आठवड्यातून एकदा म्हटले तरी हे करणार कोण? कामाठी मावशी दोन. मी हा हिशेब फळ्यावर मांडला तेव्हा गुरुजी बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे यंत्र घेऊच नये?"

मी म्हटले, "घरात दोन गाद्या असत्या, तर चांगले बघून घ्या म्हटले असते. इथे पैसे आधी दुसरीकडे घाला."

दुसरीकडे म्हणजे कुठे, ते सांगतो. पण त्याआधी एक प्रामाणिक गोष्ट सांगणे भाग आहे. डेन्मार्कच्या ग्योत्शे आणि योहानसेन या संशोधकांनी पन्नासाहून अधिक प्रयोग एकत्र तपासून २००८ साली असा निष्कर्ष काढला की कोळी हटवण्याच्या या उपायांनी, त्यांत यंत्रे आली, औषधे आली, खोळीही आल्या, दम्याच्या रोग्यांना लक्षात येईल असा गुण येत नाही. हे वाचून मी खट्टू झालो होतो. मात्र २०१७ साली इंग्लंडमधला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. दम्याच्या झटक्याने इस्पितळात आलेली आणि कोळ्याची ॲलर्जी असलेली २८४ मुले त्यात होती. निम्म्यांना गादी, उशी आणि पांघरूण यांच्यासाठी कोळ्यांना अडवणाऱ्या खोळी दिल्या, निम्म्यांना दिसायला तशाच पण साध्या. वर्षभरात झटका येऊन पुन्हा इस्पितळ गाठावे लागले ते खऱ्या खोळीवाल्यांत २९ टक्क्यांना, साध्यावाल्यांत ४२ टक्क्यांना. म्हणजे सगळ्यांना नाही, पण काही मुलांना खोळ उपयोगी पडते. माझे मत असे की मूल लहान, ॲलर्जी तपासून ठरलेली आणि उपाय अर्धवट न केलेला असेल, तर करून पाहण्यासारखा आहे. औषध बंद करून मात्र नव्हे. दम्याचा पंप, जो डॉक्टर रोज घ्यायला सांगतात, तो सुरूच ठेवायचा. पंपाची सवय लागते हा गैरसमज आहे, आणि त्यापायी मुले दगावलेली आहेत.

तेव्हा पहिली खरेदी खोळींची. कोळ्यांना अडवणारी खोळ म्हणजे घट्ट विणीच्या कापडाची, सहा बाजूंनी गादी बंद करणारी, चेन असलेली. ती महाग पडते. त्यापेक्षा इस्पितळात असते तशी रेक्झिनची खोळ शिंपी शिवून देतो. चेनीच्या टाक्यांवर आतून चिकटपट्टी मारावी. रेक्झिनवर घाम येतो म्हणून वर धुता येणारी जाड चादर किंवा, हो, गोधडी टाकावी. रेक्झिन ओल्या फडक्याने पुसून काढता येते. त्याला यंत्र लागत नाही, वीज लागत नाही, आणि ऐंशी गाद्या एका सकाळी होतात. आत जे कोळी आहेत ते आतच राहतात. गादी आधी खणखणीत वाळवून मगच खोळीत भरायची, नाहीतर आतल्या आत कुजते.

वाळवायची ती उन्हात. सिडनीच्या टोव्ही आणि वूलकॉक यांनी १९९४ साली सतरंज्या थेट उन्हात पसरून दाखवले की काही तासांत त्यांतले कोळी मरतात. गादी जाड असते, कोळी खालच्या बाजूला सरकतात. म्हणून दुपारी तिला उलटावी आणि दोनतीन दिवस लागोपाठ घालावी. नंतर काठीने झोडपावी, वाऱ्याच्या दिशेने, आणि ज्याला शिंकांचा त्रास आहे त्याने हे काम करू नये. तोंडाला पंचा बांधावा. ऊन कोळ्याला मारते, घाण काढत नाही, हे मघाशी सांगितलेच. यंत्राची खरी जागा इथे आहे. उन्हात तापलेल्या, कोरड्या, झोडपलेल्या गादीवर ते फिरवले तर उपयोग आहे. दमट गादीवर फिरवले तर गादी वाळत नाही आणि यंत्र बिघडते.

चादरी आणि उशांचे अभ्रे दर आठवड्याला धुवावेत. साठ अंशांच्या पाण्यात कोळी मरतात. हाताला सोसवत नाही इतके गरम, असे समजा. वसतिगृहात मोठे पातेले आणि चूल असतेच. पण गार पाण्यातही घाणीतले ते प्रथिन विरघळून जाते. म्हणून गरम पाणी नाही म्हणून धुणेच सोडू नये.

गुरुजींना मी आणखी एक सांगितले, ते तुम्हांलाही सांगतो. प्रत्येक खोकल्याला धूळच कारण समजू नये. चुलीचा धूर कोंडणाऱ्या खोलीत निजणाऱ्या मुलाला धुराने दम लागतो. दोन आठवड्यांवर खोकला राहिला तर क्षयाची तपासणी करावी. आणि आपल्या जिल्ह्यात सिकलसेलचा आजार पुष्कळ आहे. अशा मुलाला ताप येऊन छातीत दुखू लागले आणि श्वास लागला, तर खोळी आणि यंत्रांचा विचार करीत बसू नये. त्याच घटकेला इस्पितळात न्यावे.

मग त्या पैशांचे काय झाले? आर्द्रतेची तीन घड्याळे आली. शिंप्याकडून खोळी शिवल्या. पैसे पुरले ते बावन्न गाद्यांना. भिंतीला चिकटलेल्या खाटा वीतभर पुढे ओढल्या. त्या मुलाला खालच्या खाटेवरून वरच्या खाटेवर हलवले, म्हणजे वरच्याची गादी झटकली की धूळ याच्या नाकात जाणार नाही. आणि हो, यंत्रही एक घेतले, तारेचे, एच-१३ गाळणीचे, दिवा नसलेले. ते आजाऱ्यांच्या खोलीतल्या सहा गाद्यांपुरतेच आहे. शनिवारी दुपारी मुले मैदानावर असताना फिरवतात, आणि अर्धा तास खोली उघडी ठेवतात. मुलगा दिवाळीनंतर परत आला. बाप स्वतः सोडायला आला होता आणि खोळीची चेन उघडून आत काय आहे ते पाहून गेला. हिवाळ्यात मुलाच्या रात्री बऱ्या गेल्या. पण हिवाळ्यात हवा कोरडीच असते, म्हणून त्याचे श्रेय मी कशालाच देत नाही. खरी परीक्षा पुढच्या आषाढात.

परवा गुरुजींचा फोन आला. उरलेल्या अठ्ठावीस गाद्यांसाठी ते पुन्हा माजी विद्यार्थ्यांना लिहिणार आहेत. प्रश्न उशांचा होता. उशा सावरीच्या कापसाच्या, धुतल्या तर गोळा होतो. मी सांगितले की त्या धुऊ नका. तीन दिवस ऊन द्या, घट्ट विणीच्या मांजरपाटाची आतली खोळ चारी बाजूंनी शिवून बंद करा, आणि वरचा अभ्रा दर शनिवारी काढा.